उपग्रह सापडेपर्यंत

पहाटेचे पावणेपाच. कसब्यात पवळे चौकाच्या अलीकडच्या एका बोळात काळी घट्ट चड्डी आणि पिवळाधमक सदरा घातलेले एक गृहस्थ उजवा हात डोक्याच्या वर धरून उभे आहेत. हातात काडेपेटीहून जराशी मोठी डबी. डाव्या हाताने सायकल तोललेली. दुधाचा क्रेट घेऊन चाललेला पोरगा न थांबताच विचारतो, "काका, आले का?"

"तीन आलेत. चौथा अडलाय."

रोजचाच संवाद असावा, कारण पोरगा हसतसुद्धा नाही. आपण नेमके कुठे आहोत हे सांगायला त्या जीपीएसच्या डबीला किमान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. उपग्रह वीस हजार किलोमीटरांवर. त्यांचा संदेश इतका क्षीण की जाड भिंत ओलांडताना तो संपतो, आणि या बोळात दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले नि वर आकाशाची एक चिंधी. पाचेक मिनिटांनी डबी टुणकन वाजते. बँकेत नोकरी करणारे हे गृहस्थ (यापुढे त्यांना बँकवालेच म्हणू) ती हँडलवर अडकवतात आणि निघतात. मागे स्कूटरवर मी.

संपादकांनी यंदा विषय दिला होता 'दुरुस्ती'. त्यांच्या मनात बहुधा कसब्यातले वाडे असावेत. पण वाड्यांवर लिहिणारे पुण्यात पुष्कळ आहेत. मला त्या उंच धरलेल्या हाताचं कुतूहल वाटलं. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात मी वाढलो. तेव्हा सायकलचं जे बिघडायचं ते डोळ्यांना दिसायचं. पंक्चर पाण्याच्या घमेल्यात बुडबुड्यांनी बोलायचं, चेन पडली की हात काळे व्हायचे. आताच्या हौशी सायकलवाल्याचं बिघडतं ते बरंचसं अदृश्य असतं. ते दुरुस्त कसं होतं हे पाहायला मी महिनाभर कसब्यात फिरलो.

माजघरातून जाणारा रस्ता

खडकवासल्याच्या धरणापर्यंत वीसेक किलोमीटर. शनिवारवाडा, अप्पा बळवंत चौक, दांडेकर पूल आणि मग सरळ सिंहगड रस्ता. धरणावर चहा घेताना बँकवाल्यांनी फोनवर नकाशा दाखवला. मोकळ्या रस्त्यावर त्यांची रेघ सरळ होती. कसब्यात मात्र ती दारू प्यायल्यासारखी, घरांच्या छपरांवरून, एका ठिकाणी तर थेट एका वाड्याच्या पोटातून गेलेली. "रोज सकाळी मी कुणाच्या तरी माजघरातून सायकल नेतो," ते म्हणाले.

यात यंत्राचा दोष नाही. गल्लीत उपग्रहाचा संदेश समोरच्या भिंतीवर आपटून मग डबीपर्यंत येतो. तेवढा त्याचा प्रवास वाढतो, आणि अंतर मोजायचं साधन म्हणजे त्या प्रवासाला लागलेला वेळच असल्याने डबीला वाटतं, आपण दुसरीकडेच उभे आहोत. उपाय एकच, निघण्याआधी चौकात, मोकळ्या आभाळाखाली यावं आणि उपग्रह सापडेपर्यंत हलू नये. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची अचूक माहिती साधारण अर्ध्या मिनिटात सांगून संपवतो. मधे सायकल हलली, झाडाआड गेली, की वाक्य तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. डबी आदल्या रात्री फोनशी जोडली असेल तर पुढच्या काही दिवसांच्या कक्षांचा अंदाज ती आधीच घेऊन ठेवते आणि सकाळी काही सेकंदांत काम होतं. बँकवाल्यांना हे ठाऊक आहे. तरी ते बोळातच हात वर करून उभे राहतात. का, असं विचारल्यावर म्हणाले, "चौकात कुत्री असतात."

तपकीर गल्लीतली शोधयात्रा

कुंभारवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक सायकलचं दुकान आहे. दुकान कसलं, एका जुन्या घराची ओटी. आतल्या भिंतीवर पान्ह्यांच्या बाह्याकृती रंगवलेल्या, म्हणजे कुठला पान्हा गेला ते लगेच कळावं. मिस्त्री साठीचे. वडिलांच्या वेळी इथे सायकली तासाच्या भाड्याने मिळत, ट्रिंगट्रिंग घंटी आणि पालिकेचा बिल्ला असलेल्या. आता याच ओटीवर लाखाच्या वरच्या सायकली उलट्या टांगलेल्या असतात.

"माझ्याकडे यंत्रं घेऊन येतात," ते म्हणाले, "मी आधी विचारतो, सेल कधी बदलला? म्हणतात, मागच्या महिन्यात. बरं, काढून दाखवा. निघतो तो उलटा बसवलेला."

पेडलच्या दांडीवर, चाकाच्या मधल्या हबवर, छातीच्या पट्ट्यात असे तीन-चार संवेदक हल्ली एका सायकलवर असतात. मिनिटाला पेडल किती फिरलं, चाक किती फिरलं, काळीज किती वेळा धडधडलं. बहुतेकांच्या पोटात एकच बटण सेल असतो, सीआर 2032. या आकड्यातच त्याची पत्रिका आहे. व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. दाब तीन व्होल्ट. मी मिस्त्रींबरोबर तपकीर गल्लीत तो आणायला गेलो. एका दुकानात पट्टी वीस रुपयांची, शेजारी त्याच नावाची, त्याच रंगाची, पण अक्षरं जरा वेगळी. मिस्त्री पुढे निघाले. "स्वस्तातला सेल नवा असतानाच म्हातारा असतो. आणि थंडीत पहाटे दाब अजून उतरतो. मग लोक म्हणतात, दुपारी चालतं, सकाळी चालत नाही."

एक गंमत त्यांनी दाखवली. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या हल्ली या सेलवर कडू लेप देतात. लेप चांगल्यासाठीच आहे, गिळलेला सेल अन्ननलिका जाळू शकतो. पण काही यंत्रांत नेमका तोच थर पत्र्याच्या टोकाला आणि सेलला एकमेकांना भेटू देत नाही. नवाकोरा सेल, यंत्र मृत. त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने कड पुसली, पत्र्याचं टोक नखाने किंचित उचललं, झाकणाची रबरी कडी बोटाने फिरवून पाहिली. दिवा लुकलुकला. मजुरी घेतली नाही. हे त्यांचं नेहमीचं असावं. ज्या कामात पान्हा लागत नाही त्याचे पैसे घ्यायला त्यांना संकोच वाटतो, आणि माझ्या मते म्हणूनच अशी दुकानं टिकत नाहीत.

दुसऱ्याचं काळीज

शनिवार पेठेत राहणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट ताई रविवारी बँकवाल्यांच्या मंडळींबरोबर सायकल चालवतात. एकदा कात्रजचा घाट चढताना त्यांना पडद्यावर हृदयाचे ठोके 96 दिसत होते. चढावर, धापा टाकताना 96! त्या खूश झाल्या. पुढे वळणावर थांबून चहा घेतला तर आकडा 150. थांबल्यावर वाढतं म्हणजे काय? मागून एक तरुण हाशहुश करत येत होता. तो पोचला, बसला, आणि त्याच्याबरोबर आकडाही खाली उतरू लागला.

"अर्धा घाट मी त्याच्या काळजावर चढले हो," ताई सांगतात.

ही डबी ज्या बिनतारी भाषांत बोलते त्यांतली एक अशी आहे की संवेदक चौकात उभं राहून ओरडतो, ऐकेल त्याने ऐकावं. डबी आणि पट्टा यांची पहिली ओळख करून देताना आसपास दहा सायकलवाले असतील तर ती कुणालाही आपलं मानते. म्हणून ही जोडणी घरी, एकट्याने करायची. दुसरी भाषा ब्लूटूथची. तिथे उलटी तऱ्हा. जुने पट्टे एका वेळी एकाशीच बोलतात. खिशातल्या फोनने आधी हात धरला असेल तर डबी बिचारी शोधत बसते, आणि माणूस पट्टा बदलायला निघतो. फोनचं ब्लूटूथ बंद करून बघायचं, एवढंच.

पट्ट्याचं दुसरं दुखणं कोरडेपणा. त्याच्या आतल्या बाजूची दोन रबरी पानं कातडीवरचे बारीक विद्युत्-ठोके टिपतात. डिसेंबरातल्या कोरड्या सकाळी घाम नसतो, वर सिंथेटिक सदरा वाऱ्याने फडफडून स्थिर वीज तयार करतो, आणि पहिल्या दोन किलोमीटरांत आकडा 210 होतो. नवशिके घाबरून उतरतात. ताई पट्टा लावण्याआधी पानं नळाखाली ओली करतात आणि आल्यावर साध्या पाण्याने धुतात, कारण वाळलेल्या मिठाने पट्टा मरतो. त्यांचा खरा राग आहे तो 220 वजा वय या सूत्रावर. सूत्र गर्दीची सरासरी सांगतं. एकेका माणसाचा खरा कमाल आकडा त्याच्या दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे सहज असतो. "पण डबीने लाल रंग दाखवला की माणसं चढावर उतरतात. आणि छातीत खरंच दुखत असलं तर हिरवा रंग पाहून चालवत राहतात. मला दुसऱ्याची भीती वाटते."

मेट्रोवर आळ

ओटीवर मला भेटलेले एक निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे वीस वर्षांपूर्वीचं बिनतारी मीटर आहे. पुढच्या आऱ्याला चुंबक, काट्याला संवेदक, चुंबक समोरून गेलं की एक फेरी. 29 सप्टेंबर 2024 ला कसबा पेठेचं भुयारी मेट्रो स्थानक सुरू झालं. त्यानंतर त्यांचं मीटर वेडं झालं. सायकल उभी असताना वेग ताशी 70. शिक्षकांनी निष्कर्ष काढला की पायाखालून गाडी जाते तेव्हा विजेच्या लहरी वर येतात. त्यांनी वेळा लिहून ठेवल्या. तक्ता घेऊन मिस्त्रींकडे आले.

मिस्त्रींनी तक्ता बाजूला ठेवला आणि सायकलचा पुढचा दिवा बंद केला. वेग शून्य. चालू केला, 70.

दिवा नवा होता, बल्ब नव्हे, स्वस्तातला प्रखर एलईडी. आतली सर्किटं वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून तिचा दाब बदलतात आणि नीट झाकलेली नसतील तर सभोवार गोंगाट करतात. जुन्या मीटरचा संवेदक साधा, त्याच्या दुबळ्या स्पंदनांपेक्षा दिव्याचाच आवाज मोठा. दिवा हँडलच्या उजव्या टोकाला, मीटर डाव्या टोकाला, एवढी फारकत झाली आणि भांडण मिटलं. दिवाळीआधी त्यांनी दिवा विकत घेतला होता, मेट्रोही त्याच सुमारास आली, इतकाच काय तो संबंध. शिक्षक मात्र अजून पुरते पटलेले दिसले नाहीत. निघताना म्हणाले, "दोन्ही असेल."

मिस्त्रींची सगळी विद्या या एका चालीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. सेल बदलून, चुंबक सरकवून, जोडणी पुसून एकदम सगळं केलं आणि यंत्र चालू झालं, तर कशाने चालू झालं ते कळत नाही, आणि पुढल्या महिन्यात पुन्हा तेच. त्यांच्या खणात एक जुनी जीपीएसची डबी पडून आहे. चालते उत्तम, पण दिनांक साडेएकोणीस वर्षं मागचा. जीपीएसचं घड्याळ आठवडे मोजतं आणि 1024 झाले की पुन्हा शून्यावर येतं. असं 6 एप्रिल 2019 ला झालं. ज्या कंपन्यांनी जुन्या डब्यांची सोय लावली नाही, त्या डब्या तशाच मागे राहिल्या. "हिला कितीही उघडा, काही सापडायचं नाही," मिस्त्री म्हणाले. विकायची त्यांची तयारी नाही.

खडूची रेघ

दोन मित्र एकाच रस्त्याने खडकवासल्याला जाऊन आले आणि एकाचे 40, दुसऱ्याचे साडेचाळीस किलोमीटर झाले. यावरून जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी. चाकावरचा संवेदक अंतर मोजत नाही, फेऱ्या मोजतो. एका फेरीत चाक किती पुढे जातं हे आपण सांगायचं असतं. 25 मिलिमीटर रुंदीच्या टायरला तक्ता सांगतो 2,105 मिलिमीटर, 28 च्या टायरला 2,136. टायर बदलला आणि आकडा बदलायचा राहिला, की शंभर किलोमीटरमागे जवळजवळ दीड किलोमीटरचा घोळ.

बँकवाल्यांनी वाड्याच्या चौकात हे मोजून दाखवलं. टायरवर आणि फरशीवर खडूची रेघ, स्वतः सीटवर बसून (वजनाने टायर चपटतो, म्हणून बसणं महत्त्वाचं), मुलगी सायकल ढकलते, रेघ पुन्हा खाली येते, तिथे दुसरी खूण. शिंप्याची टेप. 2,128. त्यांची आई वरच्या गॅलरीतून हे पाहत होती. "एवढ्या पैशात स्कूटर आली असती रे, आणि ती मोजायलाही लागली नसती."

पट्टीने मोजायची आणखी एक गोष्ट या घरात दिसली, चेन. चेनच्या बारा पूर्ण जोड्या म्हणजे नेमके बारा इंच. मुलीच्या दप्तरातली फूटपट्टी एका पिनच्या मध्यावर शून्य धरून लावायची. बाराच्या खुणेवर पिन असेल तर उत्तम. पिन इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. आठवा भाग पुढे गेली असेल तर उशीर झाला, मागचे दातेही तिने खाल्ले. सिंहगड रस्त्याची धूळ आणि तेल मिळून जो काळा लगदा होतो तो चेनला कानशीसारखा घासतो. तेल जास्त घालणं ही तेल न घालण्याइतकीच वाईट खोड आहे. घालावं, पेडल उलटं फिरवावं आणि वरवरचं फडक्याने पुसून टाकावं.

गड किती उंच

पावसाळ्यात एका रविवारी ही मंडळी सिंहगडावर गेली. पायथ्यापासून वर घाट, डांबरावर शेवाळ, ढग रस्त्यावर उतरलेले. गड समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे मीटर. वर पोचल्यावर पिठलं-भाकरीच्या पाटीभोवती पाच डब्यांची पाच उत्तरं निघाली. बँकवाल्यांच्या डबीच्या मते ते निम्मा घाट चढलेच नव्हते.

उंची मोजायला या डब्या उपग्रहांपेक्षा हवेच्या दाबावर जास्त भरवसा ठेवतात. पुण्याच्या उंचीवर नऊएक मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कल कमी होतो. डबीच्या तळाशी त्यासाठी टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. त्यांत पावसाचं पाणी नाहीतर वाळलेला घाम बसला की आतली हवा कोंडते आणि डबीला वाटतं, आपण अजून पायथ्याशीच. टाचणी घालायची नाही, आतला पडदा फाटतो. कोमट पाण्यात धरायचं, झटकायचं, सावलीत वाळवायचं. आणि काहीही न बिघडताही आकडा हलतोच. वादळी हवेत दाब तीन हेक्टोपास्कलने उतरला तर टेबलावर ठेवलेली डबी बसल्या जागी पंचवीस मीटर चढते. गडावर शेवटी ताईंनी सोडवणूक केली. म्हणाल्या, भाकरी गार होतेय.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत. आता प्रत्येक फोनमध्ये प्रत्येक घाटाचा राजा आहे, स्ट्राव्हा नावाचं अ‍ॅप तो रोज बदलतं. यातून माणसं उतारावर वेग काढतात ते मला बरं वाटलं नाही. सिंहगडाच्या उतारावर वळणापलीकडून जीपगाड्या येतात.

ज्याला सेटिंग नाही

महिनाभरात जमवलेल्या तक्रारींत यंत्रांच्या निम्म्याच निघाल्या. बाकीच्या अशा. सीट टोचते. हाताच्या करंगळ्या बधिर होतात. लाकडी जिन्यावरून सायकल खांद्यावर नेताना खालच्या बिऱ्हाडाच्या भिंतीला चेनचा काळा पट्टा लागतो. ट्यूब टिकत नाही, महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांतल्या केसासारख्या तारा पसरलेल्या असतात आणि पंक्चर काढल्यावर तार टायरमध्येच राहिली तर दहा मिनिटांत दुसरं होतं. (पंक्चर ट्यूबमध्ये कुठे आहे ते व्हॉल्व्हपासून मोजून टायरमध्ये तिथेच बोट नव्हे, कापूस फिरवावा. तो तारेत अडकतो.)

सीटची उंची ताई अशी बघतात. टाच पेडलवर ठेवायची, पेडल सगळ्यात खाली, गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पाऊल नेहमीसारखं पुढे घेतलं की गुडघ्याला हवा तेवढा बाक मिळतो. बहुतेकांची सीट खाली असते, कारण सिग्नलला पाय टेकायची सवय.

आणि कुत्री. पहाटे पाचला पेठेतली कुत्री चौक आपला समजतात. सायकल पळवायला गेलं की तीही मागे पळतात. उतरायचं, सायकल मधे धरायची, चालत जायचं. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. हे सांगताना ताईंचा आवाज पहिल्यांदा कडक झाला.

आवाजाची एक वेगळीच कथा. बँकवाल्यांच्या सायकलला पेडलगणिक कुईकुई लागली होती. त्यांनी पेडलखालचं बेअरिंग बदललं, पैसे गेले, आवाज राहिला. मिस्त्रींनी त्यांना चालवायला लावलं आणि स्वतः शेजारून चालले, डोळे मिटून. मग म्हणाले, उभं राहून मारा. आवाज थांबला. म्हणजे वजन सीटवरून उठलं की आवाज नाही. सीटखालची नळी काढली, पुसली, ग्रीसचं बोट फिरवून परत बसवली. संपलं. तांबट आळीत अजून काही ओट्यांवर तांब्याला मठार द्यायचं काम चालतं. तिथला कारागीर ठोक्याच्या आवाजावरून पत्रा कुठे ढिला आहे ते सांगतो. मिस्त्रींचं लहानपण त्या आळीच्या तोंडाशी गेलं.

एटीएमची चिठ्ठी

बँकवाल्यांचं या वर्षीचं लक्ष्य तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे होतं. ब्रेव्हे शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पुरं करायचं, 200 किलोमीटरना साडेतेरा तास, 300 ना वीस, 400 ना सत्तावीस, 600 ना चाळीस. वाटेत कुणाची मदत नाही, स्वतःचं स्वतः. ही फ्रेंच पद्धत. पॅरिस ते ब्रेस्त आणि परत, हा तिचा कुंभमेळा, सध्या चार वर्षांतून एकदा. सुमारे बाराशे किलोमीटर, नव्वद तास. 1891 साली तो शर्यत म्हणून सुरू झाला. पुण्यातूनही माणसं तिथे जाऊन आली आहेत.

रात्रीच्या सायकलस्वारीत दिव्याचं चार्जिंग हा घोर. इथे मला एक जुना स्नेही भेटला, डायनामो. आमच्या वेळी तो टायरला घासून घुर्रघुर्र करायचा, चढावर पाय धरायचा आणि थांबलं की दिवा गुल. आता तो चाकाच्या हबमध्ये बसतो, आवाज करत नाही, सहा व्होल्ट आणि तीन वॉटच देतो, पण एलईडीला तेवढे पुरतात, आणि थांबल्यावरही साठवलेल्या विजेवर काही मिनिटं उजेड राहतो. लांब पल्ल्याचे लोक हौसेने तो बसवून घेतात.

बँकवाल्यांनी सगळं नेलं. दोन दिवे, पॉवर बँक, तीन सेल, जास्तीची केबल. रात्री पाऊस लागला. ओल्या केबलच्या तोंडातून पाणी शिरलं आणि 212 किलोमीटरला डबी बंद झाली. काहींनी अशा वेळी सोडून दिलं असतं. पण ब्रेव्हेचा मूळ पुरावा म्हणजे कागदाचं कार्ड. ठरलेल्या ठिकाणी पोचल्याची वेळ त्यावर लिहून घ्यायची. जिथे शिक्का मारणारं कुणी नसेल तिथे आपल्याकडे पैसे काढून एटीएमची चिठ्ठी घेतात. तिच्यावर जागा आणि वेळ छापलेली असते. फक्त ती उष्णतेने छापलेली, घामाच्या खिशात दोन तासांत कोरी होते. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि लगेच एक फोटो.

ते अठरा तास चाळीस मिनिटांनी पोचले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा डबी तांदळाच्या डब्यात पुरलेली होती. (तांदळाने काही होत नाही, उलट पीठ शिरतं. पंख्याखाली ठेवा, असं मिस्त्रींनी फोनवर सांगितलं होतं. पण आईंनी ऐकलं नव्हतं.) पिशवीतली चिठ्ठी टेबलावर होती. आईंनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली.

"रात्री दोन वाजता?" त्या म्हणाल्या. "इतक्या लांब? आणि काढलेस किती, तर शंभर रुपये!"